शेजारच्या घरात पसारा असेल किंवा वर्षानुवर्षं कुलूप असेल, तर आपलं घर कसं विकायचं?

घर बघायला आलेलं कुटुंब लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर उतरतं. तुमच्या दारापर्यंत जेमतेम वीस पावलं. पण त्या वीस पावलांत शेजारच्या दाराबाहेरचं चपलांचं कपाट येतं, त्यावर रचलेले रद्दीचे गठ्ठे येतात, बंद पडलेला कूलर आणि एक मोडकी सायकल येते. तुमचं घर आतून लख्ख आहे, हवा खेळती आहे, भावही वाजवी सांगितलाय. तरी बघणारे परत जाताना "घरी बोलून कळवतो" म्हणतात आणि पुन्हा फोन येत नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांत जुन्या सोसायट्यांमध्ये घर विकणाऱ्या बऱ्याच लोकांचा हा अनुभव आहे. शेजारचं घर सामानाने खच्चून भरलेलं असतं, किंवा मालक परदेशी असल्याने दहा-दहा वर्षं बंद असतं, किंवा वारसांच्या भांडणात पडून असतं. तुमचा त्यात काही दोष नसतो, पण फटका तुमच्या किमतीला बसतो.

यावर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. शेजाऱ्याशी कडाक्याचं भांडण, नाहीतर किंमत पाडून सुटका. दोन्ही घाईची कामं आहेत. घेणाऱ्याला अडगळीची जेवढी किळस वाटते, त्यापेक्षा जास्त भीती अनिश्चिततेची वाटते. हे असंच राहणार का? यातून उद्या माझ्या भिंतीला ओल येईल का, वाळवी लागेल का, आग लागेल का? आणि सोसायटी यात काही करते की नुसती बघत बसते? या प्रश्नांना तुमच्याकडे कागदावर उत्तरं असली, तर शेजारचा पसारा तसाच असूनही घर विकलं जातं. उत्तरं नसली, तर लाखभर रुपये कमी करूनही घेणारा बिचकतो.

पसारा नेमका कुठे आहे, हे आधी बघा

सगळ्या पसाऱ्याला एकच इलाज नाही. सामान पॅसेजमध्ये, जिन्यात, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये असेल, तर ती जागा शेजाऱ्याची नाहीच. ती सोसायटीची आहे आणि तिथलं सामान हटवायला सांगायचा सोसायटीला पूर्ण अधिकार आहे. सामान शेजाऱ्याच्या दाराच्या आत असेल, तर तुमचा अधिकार जवळपास संपतो आणि शब्दाचं काम सुरू होतं. तिसरा प्रकार सगळ्यात गंभीर. शेजारच्या दुर्लक्षाचा परिणाम भिंतीतून, स्लॅबमधून किंवा नळीतून तुमच्या घरात आला असेल, तर तो आता तुमच्या घराचाच दोष झाला. तो घेणाऱ्यापासून लपवता येत नाही, याबद्दल पुढे सविस्तर.

एका कागदावर हे तीन रकाने करून शेजारची प्रत्येक तक्रार त्यात लिहून काढा. बऱ्याचदा असं दिसतं की घेणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणाऱ्या बहुतेक गोष्टी पहिल्याच रकान्यातल्या आहेत, म्हणजे सोडवायला सगळ्यात सोप्या.

पॅसेजमधलं सामान: इथे कायदा तुमच्या बाजूला आहे

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक जागा कुणा एका सभासदाला स्वतःच्या वापरासाठी घेता येत नाही. जिना, पॅसेज, लिफ्टसमोरची मोकळी जागा ही सगळ्यांच्या येण्याजाण्याची. ज्वालाग्राही किंवा इतरांना त्रास होईल असा माल साठवण्यालाही उपविधींत मनाई आहे. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत सचिवांकडे असते. सभासद म्हणून ती मागून घ्या आणि संबंधित कलम शोधून त्याचा क्रमांक आपल्या पत्रात घाला. "शेजारच्या सामानाचा त्रास होतो" असं मोघम पत्र फाइलमध्ये पडून राहतं. कलमाचा क्रमांक असलेलं पत्र समितीला बैठकीत घ्यावं लागतं.

याहून ठोस मुद्दा आगीचा आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा ज्या इमारतींना लागू होतो, तिथे अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. यालाच नमुना 'ब' म्हणतात. पण पाण्याचा पाइप आणि नळकांडी कितीही चांगली असली, तरी धुराने भरलेल्या जिन्यात माणसाला वाट मिळाली पाहिजे. रद्दी, जुन्या गाद्या, थर्माकोल, प्लॅस्टिकची पिंपं ही आगीला खाद्य होतात आणि वाटही अडवतात. त्यामुळे पत्रात "दिसायला वाईट" हा शब्दच आणू नका. "सुटकेचा मार्ग अडला आहे" असं लिहा, सोबत तारखेचे फोटो जोडा. समितीतल्या माणसांना सौंदर्यदृष्टीवर वाद घालता येतो, आगीच्या जबाबदारीवर घालता येत नाही.

आणखी एक उपाय साधा आहे पण उपयोगी पडतो. एकाच शेजाऱ्याला नोटीस देण्याऐवजी समितीला सगळ्या मजल्यांसाठी एक सूचना काढायला सांगा: अमुक तारखेपर्यंत सर्वांनी पॅसेज मोकळे करावेत, त्या रविवारी सोसायटीकडून टेम्पो येईल. यात तुमच्या दाराबाहेरचा चपलांचा स्टँडही आला, तो तुम्ही आधी उचला. सगळ्यांना सारखा नियम लागला की शेजाऱ्याला आपल्यावरच रोख आहे असं वाटत नाही, आणि समितीच्या सदस्यांनाही रोजच्या शेजाऱ्याशी वैर घ्यावं लागत नाही.

सूचनेनंतरही सामान हललं नाही, तर समिती लेखी नोटीस देते. पुढे उपविधींनुसार सर्वसाधारण सभेत दंडाचा विषय घेता येतो. तुम्ही स्वतः मात्र त्या सामानाला हात लावू नका. रात्री गुपचूप भंगारवाल्याला देऊन टाकणं हा मोह अनेकांना होतो, आणि मग 'त्या पेटीत माझ्या आईचे दागिने होते' अशी तक्रार पोलीस ठाण्यात जाते. घर विकायच्या तोंडावर हे कुणालाच परवडत नाही.

दाराच्या आतला पसारा

इथे गोष्ट नाजूक आहे. स्वतःच्या घरात माणसाने किती सामान ठेवावं, यावर शेजाऱ्याला बोलायचा अधिकार नाही. दुरुस्तीची गरज असेल, तर आगाऊ सूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याची तरतूद उपविधींत समितीसाठी आहे. ती पाहणी गळती, बांधकाम आणि सुरक्षेसाठी असते. घर आवरलेलं आहे का, हे बघण्यासाठी नसते.

शिवाय, काही घरांतला पसारा आळशीपणातून आलेला नसतो. वस्तू टाकून देणंच अशक्य वाटणं, टाकायची वेळ आली की तीव्र अस्वस्थता येणं आणि त्यामुळे स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर वापरता न येण्याइतकं घर भरत जाणं, हा मानसोपचारात स्वतंत्र विकार मानला जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत २०१३ साली 'होर्डिंग डिसऑर्डर' या नावाने त्याची वेगळी नोंद झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही तो आला. त्रास तरुणपणीच सुरू झालेला असू शकतो, पण वय वाढत जातं तसा तो वाढतो. त्यामुळे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरात तो ठळक दिसतो. जोडीदार गेल्यानंतर, मुलं दूर गेल्यानंतर पसारा अचानक वाढला असं शेजारी सांगतात, तेव्हा हे डोक्यात ठेवावं.

या माणसांचं घर जबरदस्तीने रिकामं केलं, तर काही महिन्यांत ते पुन्हा भरतं आणि मधल्या काळात त्यांचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. शेजारी म्हणून हे करू नयेच, पण निव्वळ विक्रेत्याच्या हिशेबानेही ते तोट्याचं आहे.

त्यापेक्षा छोटी, ठरावीक मागणी करा. "काका, आम्ही घर विकायला काढलंय. पुढच्या रविवारपासून माणसं बघायला येतील. दाराबाहेरचं तेवढं आत घ्यायला आमचा मुलगा येईल मदतीला. तुम्ही फक्त काय कुठे ठेवायचं ते सांगा." यात उपदेश नाही, घराच्या आतला विषय नाही आणि मदत आहे. टेम्पोचे आणि हमालाचे पैसे तुम्ही द्या. काही हजारांत काम होतं, आणि तेच काम न झाल्यामुळे घेणारा किमतीतून लाखांच्या भाषेत कापून मागतो. त्यांची मुलं पुण्यात, बंगळूरमध्ये किंवा परदेशात असतील तर त्यांच्याशीही बोला, पण आईवडिलांची तक्रार करतोय असा सूर नको. बऱ्याचदा मुलांना घरची अवस्था माहीतच नसते, कारण फोनवर सगळं ठीक असतं.

माणूस खरोखर अडचणीत वाटत असेल, तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. कुटुंबाला हे क्रमांक द्यावेत. तुम्ही स्वतः निदान करत बसू नका.

कुलूपबंद घर

बंद घरात शेजारी नसतो, म्हणून भांडण नसतं, पण बोलायलाही कुणी नसतं. अशा घराच्या सज्जात कबुतरं वस्ती करतात. बाहेरच्या भिंतीच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवतं, आणि त्याची मुळं प्लास्टरच्या आत शिरली की इमारतीलाच धोका होतो. आत कुठे पाणी साठलं तर डासांची पैदास होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात घर दाखवणार असाल तर हे आधी बघा.

मालक शोधायची सुरुवात सोसायटीच्या सभासद नोंदवहीपासून करा. तिथला पत्ता जुना असेल, तर देखभाल शुल्क कोण भरतं ते विचारा. पैसे भरणाऱ्याचा ईमेल किंवा बँक खातं खजिनदाराकडे असतंच. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' या सेवेत नोंदणीकृत दस्तांची सूची क्रमांक २ बघता येते. घर मधल्या काळात विकलं गेलं असेल, तर नव्या मालकाचं नाव त्यातून कळतं.

मालक सापडला की त्याच्याकडे भरमसाट काही मागू नका. सज्जाला जाळी बसवणं, पाण्याची मुख्य तोटी बंद करणं, एकदा कीटकनाशक फवारणी आणि एक किल्ली सचिवांकडे ठेवणं, एवढं मागा. हे त्याच्याही फायद्याचं आहे. बंद घराच्या मालकाला आपली मालमत्ता कुजतेय हे कळलं तर तो बहुधा हो म्हणतो. उत्तरच येत नसेल, तर बाहेरच्या भिंतीवरचं रोप काढणं आणि बाहेरच्या सामाईक नळ्यांची दुरुस्ती सोसायटी स्वतः करू शकते, त्यासाठी आत जायची गरज नसते. डासांची पैदास किंवा घाण असेल, तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार द्या. मुंबईत १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

बंद घराबद्दल घेणारे हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "याची सही मिळाली नाही तर पुनर्विकास अडणार नाही का?" उत्तर असं की, राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या ठरावाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. एक घर बंद आहे म्हणून प्रस्ताव तिथेच थांबत नाही. हे उत्तर एजंटलाही सांगून ठेवा, कारण घेणारा बहुधा आधी त्यालाच विचारतो.

भिंतीतून आलेली ओल: लपवलीत तर महागात पडेल

वरच्या घराचं न्हाणीघर गळतंय आणि तुमच्या छताला पोपडे आलेत. घर विकायचं म्हणून लोक काय करतात? पोपडे खरवडतात, पुट्टी लावतात, रंगाचे दोन हात मारतात आणि उन्हाळ्यात घर दाखवतात. पहिल्या पावसात नव्या मालकाच्या डोक्यावर डाग उमटतो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की विक्रेत्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधी काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. दोष मुद्दाम झाकणं हा भारतीय करार कायद्यानुसार फसवणुकीचा प्रकार ठरू शकतो आणि घेणारा करार रद्द करून मागू शकतो. शेजारच्या दारासमोरचा पसारा घेणाऱ्याला दिसतोच, तो वेगळा सांगायची गरज नाही. रंगाखालची ओल मात्र त्याला दिसत नाही. फरक इथे आहे.

म्हणून गळतीचं काम विक्रीच्या जाहिरातीआधी हातात घ्या. साधारण नियम असा: पावसाच्या पाण्याची, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक नळ्यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर घरातल्या संडास-न्हाणीघराची, बेसिनची गळती त्या सभासदाने स्वखर्चाने. नेमकी गळती कुठून आहे यावरच बहुतेक भांडणं होतात. त्यामुळे आधी चांगला प्लंबर किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून लेखी अहवाल घ्या. वरचा माणूस दुरुस्ती करत नसेल, तर समितीकडे तक्रार आणि पुढे सहकार न्यायालय हा मार्ग आहे. तो लांबचा आहे. घर सहा महिन्यांत विकायचं असेल, तर अर्धा खर्च तुम्ही उचलून वरच्याच्या न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग करून घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. हे अन्यायाचं वाटेल, आणि आहेच. पण हिशेब मांडून बघा.

दुरुस्तीनंतर कामाचं बिल आणि हमीपत्र नीट ठेवा. घेणाऱ्याला सांगा: "इथे ओल होती, अमुक महिन्यात काम केलं, हे कागद." असं सांगितल्यावर गिऱ्हाईक पळून जाईल अशी भीती असते. प्रत्यक्षात जुन्या इमारतीत घर शोधणारा माणूस ओल गृहीत धरूनच येतो. त्याला खरं सांगणारा विक्रेता क्वचित भेटतो.

इमारत पंधरा वर्षांहून जुनी असेल, तर सोसायटीचा ताजा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागून ठेवा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यमापक इमारत बघायला येतोच. शेजारचं घर पडीक दिसत असलं तरी इमारत भक्कम आहे, हे सांगायला या अहवालासारखा दुसरा कागद नाही.

समिती किंवा शेजारी विक्री अडवू शकतात का?

नाही. तक्रारींमुळे समितीशी संबंध बिघडले की "बघू यांना एनओसी कशी मिळते" असं कानावर येतं. आदर्श उपविधींनुसार सभासदत्व आणि भाग हस्तांतरित करायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची अट नाही. मात्र घेणाऱ्याची बँक तो मागते, म्हणून व्यवहारात लागतो. तुम्ही अर्ज केलात तर समितीने एका महिन्यात त्यावर निर्णय घ्यायचा असतो. अर्जाची पोच घ्या आणि त्याआधी आपली सगळी थकबाकी शून्य करा.

किंमत किती कमी करायची?

शेजारच्या पसाऱ्यासाठी अमुक टक्के कमी करा, असा हिशेब कुठे नाही. एजंट सांगतील तो आकडा त्यांचा सौदा लवकर व्हावा म्हणून असतो, हे लक्षात ठेवावं. त्याच इमारतीत किंवा त्याच रस्त्यावर गेल्या वर्षभरात झालेल्या विक्रीचे आकडे सूची क्रमांक २ वरून काढा आणि तिथून सुरुवात करा.

किंमत खाली आणताना एक सापळा आहे. रेडी रेकनरचा दर विभागानुसार ठरतो, त्याला तुमचा शेजारी दिसत नाही. समजा, तुमच्या घराचं रेडी रेकनरप्रमाणे मूल्य १ कोटी आहे. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि हे मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर भरावं लागतं. आयकर कायदा या दोन आकड्यांत १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतो. म्हणजे साधारण ९० लाख ९१ हजारांपर्यंत खाली आलात तर हरकत नाही. ८८ लाखांना विकलंत, तर तुमचा भांडवली नफा १ कोटीला विकलं असं धरून मोजला जातो, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नातही १२ लाखांचा फरक धरला जातो. एकाच सवलतीवर दोघांना कर. बाजारभाव खरोखर कमी होता असं म्हणणं असेल, तर आयकर अधिकाऱ्याकडे तशी हरकत घेऊन सरकारी मूल्यमापन मागता येतं, पण तो ताण विक्रीनंतरचा. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच भागांत बाजारभाव रेकनरच्या वर असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. तुमच्या भागात दोन्ही जवळजवळ असतील, तर किंमत जाहीर करण्याआधी सीएशी बोला.

सरसकट किंमत पाडण्यापेक्षा नेमकी गोष्ट देणं बरं. सामाईक भिंतीचं वॉटरप्रूफिंग, वाळवीची ट्रीटमेंट, शेजारच्या बाजूच्या खिडकीला जाळी. घेणाऱ्याची भीती ज्या गोष्टीची आहे, पैसा तिथेच खर्च होतो.

घर दाखवताना

दिवस उजेडाचा निवडा. पॅसेजमधला दिवा बंद असेल तर स्वतःच्या पैशाने बदला. अंधारात तीच अडगळ दुप्पट दिसते. शेजाऱ्याला वेळ आधी सांगून ठेवा, म्हणजे नेमकं त्याच वेळी दार उघडं राहणार नाही. जाहिरातीच्या फोटोंत पॅसेज कापून टाकू नका, कारण प्रत्यक्ष आल्यावर तो दिसणारच आणि मग आतल्या फोटोंवरही विश्वास बसत नाही.

शेजाऱ्याबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत, तटस्थ उत्तर द्या. "शेजारी एकटेच राहतात, सामान जास्त आहे. पॅसेजबद्दल सोसायटीने सूचना काढली आहे, ही प्रत." एवढं पुरे. त्यांच्या आजाराबद्दल, कौटुंबिक भांडणाबद्दल अनोळखी माणसाला सांगणं योग्य नाही, आणि ते ऐकून घेणारा आणखी घाबरतो. "अहो, फार चांगली माणसं आहेत, उद्याच सगळं काढणार आहेत" हेही नको. जे तुमच्या हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नका.

बंगला किंवा प्लॉट असेल तर

शेजारचा प्लॉट गवताने, राडारोड्याने भरला असेल तर सोसायटीऐवजी थेट महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत. मालकाला साफसफाईची नोटीस देण्याचे अधिकार स्थानिक संस्थेकडे असतात. मालकाचं नाव शहरी भागात मालमत्ता पत्रकावर आणि गावात सातबारावर मिळतं. घर दाखवण्याआधी सामाईक कुंपणालगतचं तुमच्या बाजूचं गवत काढा आणि हद्द स्पष्ट दिसू द्या. प्लॉट घेणाऱ्याला सापापेक्षा अतिक्रमणाची भीती जास्त वाटते.

शेवटचा मार्ग: दंडाधिकारी आणि न्यायालय

सगळं करून झालं आणि प्रकार आरोग्याला धोका होईल इतका वाढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होते. मध्य प्रदेशातल्या रतलाममधल्या रहिवाशांनी उघडी गटारं आणि घाणीविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला होता. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब मानली नाही. पण हे कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. फक्त तुम्हाला एकट्याला त्रास असेल तर ते सहसा लागू होत नाही. त्यामुळे अर्जावर मजल्यावरच्या आणि खालच्या-वरच्या घरांच्या सह्या हव्यात.

विक्रीच्या आधी खटला दाखल करावा का? माझं मत, शक्यतो नाही. चालू वाद घेणाऱ्याला सांगावा लागतो आणि "कोर्टात केस आहे" एवढं ऐकून बरेच जण मागे फिरतात. समितीचा ठराव, महापालिकेची नोटीस, दुरुस्तीची बिलं यांचा उपयोग विक्रेत्याला खटल्यापेक्षा जास्त होतो.

साठेखत करताना शेजारच्या स्थितीबद्दल एक परिच्छेद वकिलाकडून घालून घ्या: घेणाऱ्याने सदनिका आणि आजूबाजूची सामाईक जागा प्रत्यक्ष पाहिली आहे, गळतीच्या दुरुस्तीची कागदपत्रं त्याला मिळाली आहेत, आणि सोसायटीकडच्या अमुक तारखेच्या तक्रारीची त्याला कल्पना आहे. ताबा देताना ती सगळी फाइल त्याच्या हातात द्या. तुमच्या नावाने केलेली तक्रार तुम्ही सभासद राहिला नाहीत की थंड पडते. नव्या मालकाने सभासद झाल्यावर जुन्या क्रमांकांचा उल्लेख करून स्वतःच्या नावाने पत्र दिलं, तर समितीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही.